अंग तयार झालं की डोकं आपोआप चालतं? – भरतीची पोरं, मैदान आणि लेखी परीक्षा

माणदेशी

एका भरती अकॅडमीत मी गणित आणि रीझनिंग शिकवतो. सातारा-सांगली पट्ट्यात अशा अकॅडम्या किती आहेत हे इथल्या मंडळींना सांगायला नको. माळावर पत्र्याची शेड, समोर चुन्याने आखलेला ट्रॅक आणि भिंतीवर रंगवलेला तिरंगा, एवढं दिसलं की समजायचं. पोरं पहाटे चारला उठतात, साडेसहापर्यंत मैदान, मग अंघोळ-नाश्ता आणि नऊला माझा तास. नऊ वाजता निम्मा वर्ग उघड्या डोळ्यांनी झोपलेला असतो. शेकडेवारीचं साधं उदाहरण फळ्यावर पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं. यावर आमच्या मैदानाच्या सरांचं ठरलेलं उत्तर : "अंग तयार झालं की डोकं आपोआप चालतं. तुम्ही नका काळजी करू."

काळजी करावी लागते, कारण २०२३ पासून अग्निवीर भरतीचा क्रमच बदलला. पूर्वी आधी मैदान आणि मग लेखी असायची. आता आधी संगणकावरची परीक्षा, आणि तिच्या यादीत नाव आलं तरच मैदानाला बोलावणं. जनरल ड्यूटीच्या पेपरला तासाभरात ५० प्रश्न, चुकलं की अर्धा गुण वजा. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारून ६० पैकी ६० घेईल आणि दहा पुलअप्सचे ४० वर टाकेल असं पोरगं मैदान न बघताच घरी बसतं.

म्हणून सरांच्या वाक्यात तथ्य किती, हे शोधायला बसलो. सगळ्यांत भक्कम सापडलं ते स्वीडनचं काम. तिथे लष्करी सेवा सक्तीची होती, त्यामुळे अठराव्या वर्षी जवळजवळ प्रत्येक मुलाची तपासणी व्हायची. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या १२,२१,७२७ मुलांच्या नोंदी संशोधकांनी एकत्र केल्या आणि २००९ साली निष्कर्ष छापले. दम मोजायला सायकल : भार वाढवत न्यायचा, पोरगं हात टेकेपर्यंत. ताकद मोजायला हाताची पकड, कोपर, गुडघा. बुद्धीसाठी चार चाचण्या : तर्क, शब्दांचे अर्थ, आकृत्यांची समज आणि तांत्रिक समज. ज्यांचा दम जास्त, त्यांचे बुद्धीचे गुणही जास्त निघाले. स्नायूंच्या ताकदीचा मात्र बुद्धीशी तसा संबंध दिसला नाही. शिवाय पंधरा ते अठरा या वयात ज्यांचा दम वाढला होता, त्यांचे अठराव्या वर्षीचे गुण वरचढ होते.

म्हणजे सर पूर्ण चूक नाहीत. पण मग माझा नऊचा वर्ग असा का? पळणं डोक्याला चांगलं असेल, तर रोज दहा किलोमीटर पळणारं पोरगं "एका नळाने टाकी ६ तासांत भरते" इथेच का अडकतं? माझा अंदाज असा की पळण्याचा फायदा आणि पळवण्याचा तोटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अकॅडमीत दोन्ही एकाच खात्यात मांडल्या जातात. जाणकारांनी लिहावं. फौजेत राहून आलेल्यांनी तर नक्की लिहावं.


तांबडा_पांढरा

"स्नायूंच्या ताकदीचा बुद्धीशी संबंध नाही." घ्या. म्हणजे आमच्या तालमीतली सगळी पोरं ढ, असं स्वीडनने सर्टिफिकेट दिलं. कोल्हापूरला गंगावेशीच्या तालमीत येऊन हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा, मग पुढची चर्चा करू.


शिंतोडे

@तांबडा_पांढरा, संबंध नाही म्हणजे उलटा संबंध आहे असं नव्हे. पैलवान हुशारही निघेल, ढही निघेल, दंडाच्या घेरावरून ओळखता येणार नाही, एवढाच अर्थ. शांत व्हा.

माझा आक्षेप धाग्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. बारा लाखांचा विदा (डेटा) पाहून दडपून जायचं कारण नाही. चुकीचा प्रश्न बारा लाख लोकांना विचारला तरी उत्तर चुकीचंच येतं. खात्यापित्या, शिकलेल्या घरातला मुलगा खेळतोही जास्त आणि पेपरही चांगला लिहितो. पळण्याने डोकं सुधारलं की चांगल्या घराने दोन्ही सुधारलं? दुसरं, सायकलवर जीव जाईस्तोवर पायडल मारणारा मुलगा मुळातच जिद्दी. तोच मुलगा बुद्धीच्या चाचणीतही शेवटचा प्रश्न सोडवूनच उठणार. इथे कदाचित दम मोजला गेलाच नाही, जिद्द दोनदा मोजली गेली. आणि सक्तीच्या भरतीत तिसरी एक जात असते : ज्यांना फौजेत जायचंच नाही, म्हणून जे सायकलवरही लवकर उतरतात आणि पेपरही मुद्दाम बिघडवतात.


उत्तरध्रुव

हे ज्या विद्यापीठाचं काम आहे त्याच गावात, गॉथेनबर्गला, मी बरीच वर्षं राहतो, म्हणून थोडी भर.

इथल्या पन्नाशी-साठीतल्या पुरुषांना अजून आपला आकडा पाठ असतो. बुद्धीच्या चाचणीचा निकाल १ ते ९ अशा श्रेणीत मिळायचा, त्यावरून कोण कुठल्या कामाला जाणार ते ठरायचं. जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला की लोक अगदी बोर्डाच्या मार्कांसारखे आकडे सांगतात. मुद्दाम वाईट करून सुटणारेही होते, त्याचे किस्से ऐकलेत. तेव्हा शिंतोड्यांची तिसरी शंका अगदीच हवेतली नाही. २०१० मध्ये सक्ती थांबली, २०१७ मध्ये परत आली, आता मुलींनाही लागू आहे.

पण पहिल्या शंकेला त्या संशोधकांनी उत्तर दिलंय. त्या बारा लाखांत सख्ख्या भावांच्या २,६८,४९६ जोड्या होत्या आणि एकबीज जुळ्यांच्या १,४३२. घर तेच, आईबाप तेच, जुळ्यांत तर गुणसूत्रंही तीच. तरीही ज्या भावाचा दम जास्त त्याचे गुण जास्त, हा कल टिकला. त्यांच्या हिशेबाने या संबंधात अनुवंशाचा वाटा १५ टक्क्यांहून कमी आणि परिस्थितीचा ८० टक्क्यांच्या वर. जिद्दीचा प्रश्न मात्र जुळ्यांनी सुटत नाही, हे मान्य. एक जुळा जिद्दी आणि दुसरा आळशी असू शकतो. माझ्या घरातच उदाहरण आहे.

याच नोंदींवरून २०१४ मध्ये आणखी एक काम आलं. अठराव्या वर्षी ज्यांचा दम कमी होता, त्यांना पुढे ऐन मध्यमवयात स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्त दिसला. तो विषय वेगळा, पण पोरांच्या आईवडिलांनी वाचण्यासारखा.


रिटायर्ड_सुभेदार

गुरुजी, तुमचा धागा पोराने वाचून दाखवला. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, बेळगावच्या सेंटरला उस्ताद म्हणून बरीच बॅच काढली. स्वीडनचं मला काय कळत नाही, रंगरुटाचं कळतं.

पहिली गोष्ट. बसून घेतलेल्या परीक्षेत पळणारा हुशार का न पळणारा हुशार, याला फौजेत किंमत कमी. आम्ही डोकं बघायचो ते दमल्यावर. बीपीईटीचे, म्हणजे फौजेतल्या शारीरिक चाचणीचे, पाच किलोमीटर संपले, अंगात पूर्ण सामान, हातात रायफल, तोंडाला फेस. तेवढ्यात विचारायचं : येताना डाव्या हाताला किती झाडं होती? पुलाखाली कोण उभा होता? मघाशी दिलेला पासवर्ड काय? चादरीखाली वस्तू मांडून मिनिटभर दाखवायच्या आणि परत झाकायच्या, हा खेळ सगळ्यांना माहीत हाय. तो खेळ सावलीत बसवून घेतला तर सगळी पोरं पास. धावून आल्या-आल्या घेतला की निम्मी साफ.

ज्याच्यात दम असतो त्याचा श्वास दोन मिनिटांत खाली येतो आणि त्याचे डोळे कामाला लागतात. ज्याच्यात नसतो त्याला तुम्ही काय बी सांगा, "जी उस्ताद" म्हणतो, ऐकू येतं पण कळत नाही. फायरिंगला तर लगेच दिसतं. ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या एका जागी लागणं, कुणाचं फाटलंय ते बघा, श्वास आवरता न येणारंच पोरगं निघतं.

दुसरी गोष्ट. पळण्यात एक नंबर आणि नकाशा हातात दिला की उत्तर दक्षिणेला शोधणारी पोरं बी भरपूर बघितली. नकाशा वाचायला नकाशाच वाचावा लागतो. तुमच्या सरांना माझा निरोप द्या, अंगाने डोकं चालत नसतं. अंग आड आलं नाही म्हणजे डोक्याला चालायला मोकळीक मिळते, एवढंच.

आणि एक. "प्रशिक्षणात घाम गाळा, युद्धात रक्त वाचवा" हे वाक्य कुणीतरी इथं टाकणारच हाय. नका टाकू. ज्या भिंतीवर ते लिहिलेलं असतं तिथंच पाण्याची टाकी रिकामी असते, असा माझा अनुभव हाय.


पळपुटा१६००

सुभेदार साहेब, दंडवत. शेवटची ओळ अकॅडमीच्या ग्रुपवर टाकू का? 😅


नाडीपरीक्षा

सुभेदारांनी जे लिहिलं त्याला शरीरशास्त्रात सरळ कारण आहे. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ही दम मोजायची आमची पद्धत. तोच चढ, तेवढंच ओझं, तोच वेग, पण एका मुलासाठी ते त्याच्या क्षमतेच्या ६० टक्के असतं आणि दुसऱ्यासाठी ९०. साठवर असलेला बोलू शकतो, मोजू शकतो, आजूबाजूला बघू शकतो. नव्वदवर असलेल्याचं सगळं लक्ष पुढचा श्वास घेण्यात जातं. मध्यम व्यायाम चालू असताना साधी प्रतिक्रिया उलट जलद होते. अगदी शेवटच्या टोकाला नेलं की विचार, आठवण, निर्णय ही वरची कामं आधी ढासळतात.

@तांबडा_पांढरा, सहा मिनिटांच्या कुस्तीत शेवटच्या मिनिटाला डाव सुचतो तो दमावरच. तेव्हा तालमीला कुणी नावं ठेवलेली नाहीत.

आता गुरुजींच्या मूळ कोड्याकडे. पळण्याचा फायदा आणि पळवण्याचा तोटा वेगळा, हे त्यांचं निदान मला पटतं. २००५ साली छापलेला एक अमेरिकी अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यातले ३१ जण निवडक पथकातले, बहुतेक अधिकारी, वर्षानुवर्षं नोकरी केलेले. म्हणजे तंदुरुस्तीत कुणी बोट ठेवू नये असे. त्यांना ५३ तास उन्हात युद्धसरावात ठेवलं. तेवढ्या वेळात झोप मिळाली सरासरी ३ तास, वजन घटलं ४ किलोच्या आसपास, त्यातलं बरंचसं पाणीच. लक्ष, प्रतिक्रियेचा वेग, स्मरणशक्ती, तर्क सगळं कोसळलं. घसरण इतकी, की दारूच्या नशेत किंवा झोपेच्या औषधाने होते त्याहून वाईट, असं संशोधकांनीच लिहिलंय. लोखंडासारखी माणसं होती, तरी वाचली नाहीत.

तंदुरुस्तीने मिळते ती शिल्लक. झोप, पाणी, अन्न तोडलं की ती शिल्लक फार भराभर संपते. अकॅडमीतलं पोरगं स्वीडिश मुलासारखं दम वाढवतंय आणि त्याच वेळी त्या ३१ जणांच्या वाटेवरही चालतंय. तुमच्या नऊच्या तासाला दुसरा परिणाम दिसतो. पहिला दिसायला महिने लागतात.

पाण्याबद्दल आपल्याच देशातलं काम सांगतो, कारण ते जगभर उद्धृत होतं आणि आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतं. दिल्लीच्या डिपास या संरक्षण शरीरशास्त्र संस्थेतल्या गोपीनाथन, पिचन आणि शर्मा यांनी १९८८ साली छापलेला अभ्यास. उष्णतेला सरावलेल्या ११ जणांना पाणी तोडून आणि उन्हात व्यायाम करवून ठरावीक प्रमाणात कोरडं केलं : वजनाच्या १, २, ३, ४ टक्के. मग थंड खोलीत बसवून, शरीराचं तापमान पूर्ववत झाल्यावर, बेरजा, शब्द ओळखणं आणि आकडे क्रमाने जोडणं अशा चाचण्या घेतल्या. २ टक्क्यांपासून घसरण स्पष्ट. अंग गार झाल्यावर घेतलेल्या चाचण्या आहेत, हे लक्षात घ्या. म्हणजे दोष नुसत्या उन्हाचा नव्हे, कमी झालेल्या पाण्याचा.

साठ किलोच्या पोराचे २ टक्के म्हणजे १,२०० ग्रॅम. एप्रिलमध्ये दोन तासांच्या मैदानात तेवढं सहज जातं. अकॅडमीत वजनकाटा असेलच. मैदानाआधी आणि नंतर वजन करायला लावा, फरकाचा आकडा पोरांनीच वहीत लिहू दे.


आजीची_गोधडी

माझा मुलगा अधिकारी प्रशिक्षणात आहे, संस्थेचं नाव सांगत नाही. पहिल्या टर्मला फोन आला की वाक्य ठरलेलं, "आई, वर्गात बसलं की झोप येते." पळण्यात तो कधी मागे नव्हता. शाळेत असताना गणितात पैकीच्या पैकी आणणारा मुलगा सत्र परीक्षेत काठावर. मी घाबरले, तो नाही. म्हणाला सगळ्यांचंच तसं असतं. दुसऱ्या टर्मला गाडी रुळावर आली.

मला एकच विचारायचंय. झोप तोडणं हा प्रशिक्षणाचा भाग म्हणून मुद्दाम ठेवतात का? आणि ठेवत असतील तर त्याची सवय होते का? की आपण आया उगीच जीव टांगणीला लावतो?


रिटायर्ड_सुभेदार

ताई, थोडी मुद्दाम असते, खोटं कशाला बोलू. लढाईत शत्रू वेळ ठरवून येत नाही, म्हणून दोन-चार रात्री अशा काढायलाच लागतात. पण त्या कॅम्पच्या रात्री. रोजच्या वर्गाच्या दिवशी झोप तोडणं हे प्रशिक्षण नव्हं, ते सीनियरचं अडाणीपण. सवय होते म्हणणारा माणूस स्वतः ट्रकात, उभ्याने, जेवताना, कुठं बी झोपतो. सवय झाली असती तर झोपला असता का?


नाडीपरीक्षा

सुभेदारांना शंभर टक्के अनुमोदन. अपुऱ्या झोपेची सवय होते ती 'आपण ठीक आहोत' असं वाटण्याची. कामगिरी घसरतच राहते, फक्त माणसाला ती जाणवेनाशी होते.

या वयाचं आणखी एक आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं शरीर-घड्याळ मुळातच उशिराचं असतं. अमेरिकेत फोर्ट लेनर्ड वुड इथे नवशिक्या सैनिकांच्या दोन गटांवर हे पाहिलं गेलं. एका गटाने नेहमीप्रमाणे रात्री साडेआठला झोपून पहाटे साडेचारला उठायचं, दुसऱ्याने रात्री अकरा ते सकाळी सात. वेळापत्रकावर दोघांनाही आठच तास. प्रत्यक्षात उशिराच्या गटाची झोप रोज अर्धा तास जास्त झाली, आणि नेमबाजीत त्यांची प्रगतीही जास्त झाली. जास्तीचा व्यायाम नाही, जास्तीचा सराव नाही, फक्त झोपेची जागा हलवली.


पळपुटा१६००

डॉक्टर, आमच्याकडे मुलं कॉफीच्या पुड्या आणि ते कॅनवालं एनर्जी ड्रिंक घेऊन बसतात. त्याने काही होतं का, की नुसता खर्च?


नाडीपरीक्षा

होतं. अमेरिकी नौदलाच्या सील प्रशिक्षणात 'हेल वीक' नावाचा आठवडा असतो, त्यात ६८ प्रशिक्षणार्थींवर केलेला अभ्यास २००२ मध्ये आला. ७२ तास जवळपास न झोपलेली, थंड पाण्यात भिजलेली पोरं. त्यांना १००, २०० किंवा ३०० मिलिग्रॅम कॅफीन नाहीतर औषध नसलेली नुसती गोळी दिली. २०० मिलिग्रॅमला लक्ष, प्रतिक्रिया आणि नवं शिकणं यांत सुधारणा दिसली, ३०० ला त्याहून फार काही हाती लागलं नाही. नेमबाजीवर मात्र काहीच परिणाम नाही. जाग येते, हात स्थिर होत नाही.

पण ते तीन दिवसांच्या संकटाचं औषध आहे. तुम्ही रात्री अकराला कॅन फोडून पहाटे चारला उठणार असाल, तर कॅफीन जे उसनं देतं ते त्याच रात्रीच्या झोपेतून वसूल करतं.


वाटेवर_खडकवासल्याच्या

सगळा धागा वाचला. स्वीडनची बारा लाख मुलं, सीलची अडुसष्ट मुलं, ते एकतीस पुरुष. मुली कुठे आहेत?

मी एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करतेय. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ ला १७ जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या, तो संचलनाचा व्हिडिओ माझ्या आजीनेही पाहिलाय. लेखीला गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००, त्यात पार पडलं की एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखत-चाचण्यांचे, आणखी ९००. एसएसबीत तर हा धागाच परीक्षा म्हणून समोर येतो. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, तेवढ्यात सुचेल ते वाक्य लिहायचं. मग ६० प्रसंग ३० मिनिटांत. पुढे मैदानावर दहा वैयक्तिक अडथळे ३ मिनिटांत, आणि कुठला अडथळा आधी घ्यायचा याचा हिशेब डोक्यात, धावता धावता. मागच्या वेळी माझ्यासोबतची सगळ्यात वेगवान मुलगी सोपे अडथळे आधी उरकत बसली आणि जास्त गुणांचे राहून गेले. पाय तिचे माझ्यापेक्षा चांगले होते.

पण माझा प्रश्न वेगळाच आहे. माझं हिमोग्लोबिन कधीच साडेदहाच्या वर जात नाही. कोच म्हणतात आणखी पळ. मी आणखी पळते आणि अभ्यासाला बसलं की पान तेच राहतं. हे मनाचं आहे की रक्ताचं?


नाडीपरीक्षा

रक्ताचं, आणि तुझ्या कोचना हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं. प्राणवायू वाहून नेणारी गोष्टच कमी असेल तर दम कुठून येणार? देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे, तेव्हा तू एकटी नाहीस.

मुलींवरचं काम विचारलंस म्हणून सांगतो. २००९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या मूलभूत प्रशिक्षणातल्या महिलांवर एक नीट अभ्यास झाला. काहींना लोहाची गोळी, काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे देणाऱ्यालाही माहीत नाही. लोह मिळालेल्या गटात उत्साहाचे गुण वाढले, आणि ज्यांना सुरुवातीला रक्तक्षय होता त्यांची दोन मैलांची धावही सुधारली. मनाचं आणि रक्ताचं असं वेगळं काढताच येत नाही, हे त्यातून दिसतं.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच गोळी सुरू कर, इथे वाचून नको. गोळीवर लगेच चहा पिऊ नकोस. आणि तोपर्यंत पळणं कमी कर, बंद नाही.


शिंतोडे

डॉक्टरांचा हा शेवटचा अभ्यास मला स्वीडनच्या बारा लाखांपेक्षा जास्त आवडला. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, आंधळेपणाने गोळ्या दिल्या. याला म्हणतात विदा.


माणदेशी

सगळ्यांचे आभार. या आठवड्यात काय झालं ते सांगतो.

वजनकाट्याची गोष्ट मैदानाच्या सरांना आधी पोरखेळ वाटली, पण आकडे समोर आल्यावर त्यांनीच मैदानाच्या कडेला दोन जार ठेवले. मीठ-साखर-लिंबू घालून. सर माणूस वाईट नाही, जुन्या पद्धतीचा आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरला पोरं कोसळून गेली, त्या बातम्या त्यांना मुखपाठ आहेत. उन्हाची त्यांना खरी भीती आहे.

आणि तिथेच घोडं अडलं. झोपेसाठी मैदान उशिरा करा म्हटलं, तर ते म्हणाले, "मार्च ते जून सातनंतर मी एकाही पोराला ट्रॅकवर सोडणार नाही." बरोबरच आहे. अमेरिकेतला अकरा ते सातचा प्रयोग माणच्या उन्हाळ्यात चालत नाही. मग लवकर झोपा म्हटलं, तर रात्री साडेबारापर्यंत पांघरुणात मोबाईल. मोबाईल काढून घ्यावेत, तर अर्ध्या पोरांचा टेस्ट सिरीजचा अभ्यास त्यावरच.


रिटायर्ड_सुभेदार

गुरुजी, नऊला मोबाईल पेटीत, पहाटे मैदान झाल्यावर परत. अभ्यास दिवसा. चार दिवस कुरकुर करतील, पाचव्या दिवशी घोरतील. आणि दुपारी जेवण झाल्यावर पाऊण तास सगळ्यांना सक्तीने आडवं करा. फौजेत दुपारची विश्रांती असते, ती काय लाड म्हणून ठेवलेली नाही.


उत्तरध्रुव

दुपारच्या झोपेला पाठिंबा. आणि गणिताचा तास नऊऐवजी दुपारच्या झोपेनंतर घेता येणार नाही का? मैदान हलवता येत नसेल तर फळा हलवा.


माणदेशी

फळा हलवायची कल्पना डोक्यात आली नव्हती. नऊला चालू घडामोडींचे सर आणि तीनला मी, अशी अदलाबदल होऊ शकते. ते सर मला शिव्या देतील, पण त्यांचा विषय तसाही पाठांतराचा. (पाठांतरालाही झोप लागते, हे डॉक्टर आता लिहितील. माहीत आहे.)


शिंतोडे

अदलाबदल करणारच असाल तर सगळ्या वर्गाची एकदम करू नका. मग निकाल सुधारला तर श्रेय दुपारच्या झोपेला द्यायचं, पेटीतल्या मोबाईलला, लिंबूपाण्याला की जवळ आलेल्या परीक्षेच्या धाकाला, हे कधीच कळणार नाही. दोन तुकड्या आहेत ना? नावं चिठ्ठ्या टाकून वाटा. मैदान, जेवण, पाणी, मोबाईल सगळं दोघांना सारखं. एका तुकडीचा गणिताचा तास नऊला, दुसरीचा विश्रांतीनंतर तीनला. दीड महिन्याने दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी तोच पेपर : ५० प्रश्न, एक तास, अर्धा गुण वजा. आणि पेपर सकाळी नऊला नको, तीनलाही नको, नाहीतर एका तुकडीला आयता फायदा.


रिटायर्ड_सुभेदार

मध्ये बाराला ठेवा. आणि पेपरच्या आधी दोघांना सोळाशे मीटर मारायला लावा. बघू कुणाचं डोकं जागेवर राहतंय.


शिंतोडे

सुभेदार साहेब, बाराच्या उन्हात सोळाशे मीटर? मैदानाच्या सरांनी आत्ताच काय सांगितलं ते वाचलंत ना! तो प्रयोग डिसेंबरला करू, वेगळा. आधी हा एक नीट होऊ दे.

माणदेशी, पेपर मी काढून पाठवतो, तुमच्या नेहमीच्या वळणाचे प्रश्न त्यात नकोत. उत्तरपत्रिकाही माझ्याकडे पाठवा, मी तपासतो. फक्त त्यावर नाव नको, नंबर टाका, आणि कुठला नंबर कुठल्या तुकडीतला हे निकाल लागेपर्यंत मला सांगू नका.